काळं इंजिन गरम का होतं?

रविवारी चार वाजले की आमच्या जिन्यात माणसं मावेनाशी व्हायची. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दारापासून थेट तळमजल्यापर्यंत रांग. पुढच्यांनी दार अडवलेलं आणि मागचे टाचा उंचावून विचारतायत, "हललं का? हललं का?"

हलायचं होतं ते एक खेळण्यातलं इंजिन. वीतभर लांब, हिरवं. ते माझ्या वडिलांचं होतं, आणि वडिलांना जाऊन चार महिने झाले होते.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. सत्तावीस वर्षं त्यांनी अडकलेल्या माणसांना बाहेर काढलं. सुट्टीच्या दिवशी ते मागच्या खोलीत शिरायचे. तिथे बारा फूट बाय सहा फुटांचं प्लायवूडचं टेबल होतं, त्यावर प्लॅस्टरचे डोंगर, रंगवलेल्या भुश्शाचं गवत, एक बोगदा, एक स्टेशन आणि या सगळ्याला वळसा घालणारा रूळ. रुळावर इंजिनं दोनच, हिरवं आणि काळं. बाजूला एक रेग्युलेटर. बटण फिरवलं की रुळात वीज, वीज आली की इंजिन चालणार, शून्यावर आणलं की थांबणार. लहानपणी मला ते बटण फिरवायला मिळायचं, पण पाहुणे आले की नाही. मी पटकन भडकायचे म्हणून बाबा मला फ्यूज म्हणत.

आता त्या टेबलाशी मध्यस्थ उभा असायचा. त्याला सगळे मध्यस्थ म्हणत, कारण त्याचा धंदा मेलेल्यांशी बोलण्याचा. लांब राखी कोट, डावा हात वर, उजवा हात कायम कोटाच्या खिशात. का, तर म्हणे उजव्या हातातून शक्ती वाहते, उघडा ठेवला तर समोरच्याला झेपणार नाही.

"देह म्हणजे डबा!" तो गरजायचा. "आत्मा म्हणजे इंजिन! डबा गंजतो, इंजिन धावत राहतं! एक रूळ इहलोकाचा, एक रूळ परलोकाचा. दोन्ही समांतर!"

समोरच्या घरातल्या काकूंनी मला नंतर सांगितलं, दुसऱ्या एका घरी हाच माणूस देहाला पिंजरा आणि आत्म्याला पोपट म्हणत होता. त्या घरी पोपट होता.

मग तो खोलीतले पडदे ओढायचा, आईला मुख्य बटण दाबायला सांगायचा. स्टेशनचे बारीक दिवे लागायचे, रेग्युलेटरचा लाल दिवा लागायचा. रेग्युलेटरचं बटण शून्यावर आहे हे तो चार जणांना हात लावून बघायला लावायचा. काळं इंजिन स्टेशनात उभं, हिरवं बोगद्यात. नियम साधा. हिरवं बोगद्यातून बाहेर आलं तर उत्तर 'हो', आतच राहिलं तर 'नाही'.

"आलात का?" मध्यस्थ विचारायचा.

आणि हिरवं इंजिन बोगद्यातून हळूहळू बाहेर यायचं. बटण शून्यावर. काळं इंजिन त्याच रुळावर ढिम्म उभं. खोलीभर हुंकार उठायचा आणि जिन्यातून खालपर्यंत निरोप जायचा, "हललं! हललं!"

लोकांचं एक वेळ सोडा. पण घड्याळवाल्या काकांनीही मान डोलावली होती. ते बाबांचे तीस वर्षांचे दोस्त. घड्याळं दुरुस्त करतात, घरी स्वतःची रेल्वे आहे, बाबांच्या क्लबाचे अध्यक्ष. क्लबात एकूण सभासद पाच. काका खोटं बोलणाऱ्यातले नाहीत.

"पोरी, मी वायर अन् वायर ओळखतो," ते मला म्हणाले. "रुळात वीज असती तर दोन्ही इंजिनं पळाली असती. एकाच रुळावर एक पळतंय आणि एक उभं. म्हणजे ही वीज नव्हे. ही लबाडी आहे असं मला नाही म्हणवत."

ज्याला काही कळत नाही तो माणूस फसला तर फारसं नुकसान होत नाही. ज्याला कळतं तो फसला की बाकीचे पन्नास त्याच्या मागे निर्धास्त जातात. काकांनी मान डोलावल्यावर आमची रांग दुप्पट झाली.

मी या सगळ्यात दाराशी उभी असायचे. बाबा गेल्यापासून मला काही वाटेनासं झालं होतं. रडू आलं नाही, राग येत नव्हता, हातातला चहा गार झालेला कळत नव्हता. मध्यस्थ ढोंगी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण त्याला हाकलायला जी चीड लागते ती माझ्यात उरली नव्हती. आई रविवारची वाट बघते, दोन घास खाते, तर चालू दे, असं मी स्वतःला सांगत होते. सरळ सांगायचं तर मला दारातून हलायचा कंटाळा होता.

मग एका रविवारी आईनं प्रश्न विचारला.

आईच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. केलं तर बरीच वर्षं मिळतील, नाही केलं तर एखादं वर्ष, असं त्यांनी आम्हां दोघींना बसवून सांगितलं होतं. तारीखही दिली होती. होकार किंवा नकार पुढल्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी कळवायचा होता.

आई टेबलाशी वाकली आणि बोगद्याकडे तोंड करून म्हणाली, "अहो, ऑपरेशन करू का?"

मध्यस्थानं तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, अगदी दोन क्षण. परत बोगद्यात गेलेलं इंजिन आतच राहिलं.

"नको म्हणतात," तो हळुवार आवाजात म्हणाला.

आईच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी उमटलं. ती घाबरलेली होती. महिनाभर घाबरलेली होती, आणि ते मला दिसलं नव्हतं. त्या भामट्याला दोन क्षणांत दिसलं, आणि गिऱ्हाईकाला हवं होतं ते त्यानं पुड्यात बांधून दिलं.

तेव्हाही मी भडकले नाही. पण मी ऐकायला लागले.

माझं काम श्रवणयंत्रं बसवण्याचं. दिवसभर मी लोकांच्या कानांतल्या यंत्रांची गुणगुण, खरखर, शिट्टी ऐकते आणि ती कुठून येते ते शोधते. त्या शांत खोलीत एक बारीक गुणगुण येत होती. मध्यस्थालाही ती माहीत होती. तो बोट वर करून म्हणायचा, "ऐका! ही त्यांची कुजबुज!" लोक श्वास रोखून ऐकायचे. मेलेली माणसं कुजबुजतात की नाही मला माहीत नाही. पण वीज गुणगुणते, हे मी रोज ऐकते. आणि ही गुणगुण हिरव्या इंजिनातून येत नव्हती. उभ्या असलेल्या काळ्या इंजिनातून येत होती.

लोक पांगले, आई तोंड धुवायला गेली, तेव्हा मी काळं इंजिन उचललं आणि लगेच टाकलं. बोट भाजलं होतं.

तासभर जागचं न हललेलं इंजिन गरम का होतं?

मी टेबलाखाली शिरले. रेग्युलेटरच्या दोन वायरी अर्ध्यातच संपत होत्या, टोकांना व्यवस्थित पट्टी चिकटवलेली. म्हणजे त्या बटणाचा आणि रुळाचा काही संबंधच उरला नव्हता. ते शून्यावर आहे की दहावर, काय फरक पडणार? रुळाला जाणाऱ्या वायरी निघत होत्या एका नव्याकोऱ्या डबीतून. डबी टेबलाच्या पायामागे बसवलेली, तिच्यावर एक हिरवा ठिपका लुकलुकत होता.

मग मी बाबांचा खण उघडला. चार महिने तो मी टाळला होता. लिफ्टची नोंद ठेवायची सवय त्यांना घरीही होती. वहीत शेवटच्या पानावर त्यांचं ठसठशीत अक्षर:

"टेबल डिजिटल करायचं. हिरव्यात चिप बसवली, नंबर ३. काळ्यात बसवायची बाकी. तोवर काळं रुळावर ठेवायचं नाही, माहितीपत्रकात लिहिलंय, तापतं. डबी बसवायला दुकानातला माणूस येणार. क्लबात बोलायचं नाही. आधी चालवून दाखवायचं, मग शिव्या खायच्या."

शिव्या कशाबद्दल, ते मला माहीत होतं. काकांच्या क्लबात ठराव झाला होता, की डिजिटल हा पोरखेळ आहे, कुणीही घरात आणायचा नाही. पाचही जणांनी हात वर केले होते, बाबांनीसुद्धा. म्हणून काकांच्या डोक्यात ती शंका शिरलीच नाही. दोस्तानं शब्द दिला होता. दोस्त शब्द मोडेल यापेक्षा दोस्त मेल्यावर येऊन इंजिन चालवेल, हे त्यांना सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकूंना विचारलं.

"हो, आला होता की एक जण," काकू म्हणाल्या. "तुम्ही सगळे हॉस्पिटलात होता ना, तेव्हा. तुझ्या बाबांचा फोन आला, किल्ली द्या म्हणाले. मी दिली. दोन तास काहीतरी खुडबुड करत होता."

"काकू, तुम्ही दर रविवारी पहिल्या रांगेत असता! सांगितलं का नाही?"

"अगं, दुरुस्तीवाल्याचं काय सांगायचं? आणि तू विचारलंस कुठे?"

खरंच होतं. मी काहीच विचारलं नव्हतं.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं पावती काढली. डबीबरोबर हातात धरायचा एक बिनवायरीचा रिमोट दिला होता. बसवणारा माणूस महिन्याभरात नोकरी सोडून गेला. "मामाच्या कामात मदत करतो म्हणाला. मामा म्हणे मेलेल्यांशी बोलतो," दुकानदार हसत म्हणाला. मी हसले नाही तेव्हा तोही थांबला.

त्यानं मला सगळं समजावलं. माझ्या कामामुळे ते मला लगेच कळलं. दोन कानांची दोन यंत्रं एकाच खोलीत असली तरी मी संगणकावरून ज्या नंबरला हाक मारते तेवढंच उत्तर देतं. इथेही तेच. रुळात वीज सतत असते, आणि विजेबरोबर हुकूम जातो: नंबर तीन, पुढे चल. चिप असलेलं इंजिन आपला नंबर ऐकून निघतं. चिप नसलेल्याला हुकूम कळत नाही. वीज क्षणाक्षणाला उलटसुलट होत असते म्हणून ते पुढेही जात नाही, मागेही जात नाही. जागच्या जागी थरथरतं, गुणगुणतं आणि तापतं. लोकांना चाट पाडायला मध्यस्थानं काळं इंजिन मुद्दाम रुळावर ठेवलं होतं, आणि त्या इंजिनानंच त्याचा घात केला.

मी तसलाच एक रिमोट विकत घेतला. इंजिनाचा नंबर कसा बदलायचा तेही शिकून घेतलं.

त्या रात्री आईला सगळं सांगितलं. डबी दाखवली, वही दाखवली. आईनं अक्षरावरून बोट फिरवलं.

"बरं, वायर आहे," ती म्हणाली. "तारेतून येत असतील."

"आई!"

"तुला वायर दिसली म्हणून ते नाहीत, असं कसं होईल? सोमवारी मी नाही म्हणून कळवणार आहे. त्यांनी सांगितलंय."

मी वाद घातला नाही. शनिवारी ती झोपली असताना हिरव्या इंजिनाचा नंबर तीनचा सत्तावीस केला.

रविवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त. माझा रिमोट माझ्या स्वेटरच्या खिशात. पडदे ओढले, दिवे लागले, चार जणांनी बटण चाचपलं.

"आलात का?" मध्यस्थ.

काही नाही.

"आलात का?" कोटाच्या खिशातली बोटं वळवळायला लागली. हिरवं ढिम्म, काळं ढिम्म. जिन्यातून आवाज आला, "हललं का?"

"आज या खोलीत अविश्वास आहे," मध्यस्थ माझ्याकडे बघत म्हणाला. कपाळावर घाम. "फ्यूज! तुझ्या बाबांची लाडकी फ्यूज! तूच वाट अडवते आहेस त्यांची."

ते नाव त्याला आईनं सांगितलं असणार. त्याच्या तोंडून ऐकून मला काहीतरी वाटायला हवं होतं.

"मी विचारून बघू?" मी म्हटलं आणि टेबलाशी गेले. "हा माणूस खोटं बोलतो का?"

खिशातल्या खिशात अंगठा फिरवला. हिरवं इंजिन बोगद्यातून निघालं, वळण घेऊन थेट स्टेशनाच्या तोंडाशी, काळ्याच्या पुढ्यात येऊन थांबलं.

मला वाटलं होतं, लोक हसतील, मध्यस्थाची कॉलर धरतील. झालं भलतंच. कुणीतरी हुंदका दिला. मागून एक बाई ओरडली, "खुद्द सांगतायत! खोटा आहे म्हणून खुद्द सांगतायत!" काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मध्यस्थ एका क्षणात भोंदू ठरला आणि त्याच क्षणी मी त्याच्या जागी जाऊन बसले. समोरच्या काकूंनी तर माझ्यापुढे हात जोडले.

आई पुढे आली. तिनं माझा दंड धरला.

"तुझं ऐकतात ते," ती म्हणाली. "तू विचार. मागच्या खेपेला याच्या तोंडून आलं होतं, म्हणजे खोटंच असणार. तू विचार, ऑपरेशन करू का?"

माझा अंगठा रिमोटवर होता. इंजिन मागे बोगद्यात न्यायचं आणि परत बाहेर आणायचं, एवढंच काम. बाहेर आलं की हो. आई सोमवारी होकार कळवणार, तिची झडप दुरुस्त होणार, ती जगणार. चांगल्या कामासाठी एकच खोटं. माझा अंगठा हललाही असता.

पण मग पुढच्या वेळी गोळी बदलायची असली की ती टेबलाशी येणार. मी कुठे गेले की दुसरा कुणी खिशात हात घालून येणार. आणि बाबा कायमचे त्या बोगद्यात बसून राहणार, ज्याच्या हातात रिमोट त्याचे नोकर होऊन.

मी हात बाहेर काढला आणि रिमोट आईच्या हातात ठेवला.

"हे फिरव," मी म्हटलं.

तिनं फिरवलं. इंजिन मागे सरकलं. तिनं दचकून हात काढला, पुन्हा फिरवलं. इंजिन पुढे आलं.

"मी चालवत होते, आई. आणि इतके दिवस हा चालवत होता."

मध्यस्थ दाराकडे निघाला होता. "शक्तीचा भंग झालाय, मला थांबता येणार नाही." घड्याळवाले काका दारात आडवे उभे राहिले.

"उजवा हात बाहेर काढा," काका म्हणाले. "आम्हांला झेपेल."

खिशातून तसलाच रिमोट निघाला. "हे माझं रक्तदाबाचं यंत्र आहे," तो म्हणाला. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग जिनाभर हसू पसरलं. काकांनी त्या यंत्रावरचा तीन हा आकडा वाचला. मी सांगितल्यावर त्यांनी सत्तावीस केला, बटण फिरवलं, आणि हिरवं इंजिन बोगद्यातून जाऊन आलं. मी पडदे उघडले, टेबलाखालची डबी सगळ्यांना दाखवली, चिप दाखवली, काळ्या इंजिनाला हात लावून बघायला सांगितलं. एकेक जण बोट लावून "आई गं" म्हणत होता. तेवढ्यात मध्यस्थ सटकला. रिमोट मात्र आमच्याकडेच राहिला, आणि तो आमचाच होता.

काका बराच वेळ बाबांची वही वाचत होते. "लबाड," ते शेवटी म्हणाले. "शिव्या न खाताच गेला." मग ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

खोली रिकामी झाल्यावर आई स्टुलावर बसली.

"म्हणजे ते नव्हतेच."

"नव्हते."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"मग इतके रविवार मी बोलत कुणाशी होते?"

"त्याच्या खिशाशी."

मऊ शब्द मला सुचले नाहीत. आई रडली. मी शेजारी बसून राहिले. आपल्यालाही रडू येईल असं वाटलं. आलं नाही. थोड्या वेळानं तिनं रिमोट उचलला आणि इंजिनाला एक पूर्ण फेरी मारायला लावली. स्टेशनात थांबवताना चुकली, काळ्याला ठोकर बसली.

"काळं काढून ठेव," ती म्हणाली. "तापतंय. ह्यांनी लिहिलंय ना."

मी काढून ठेवलं.

"मला भीती वाटते गं."

"माहीत आहे."

"तुला?"

"मला काही वाटतच नाही, आई. ते गेल्यापासून."

तिनं माझं भाजलेलं बोट हातात घेतलं आणि बघत बसली. फोड आला होता. तिनं दाबल्यावर दुखलं, आणि मी ओरडले. बऱ्याच दिवसांनी माझा आवाज त्या खोलीत मोठा निघाला.

सोमवारी सकाळी आईनं स्वतः हॉस्पिटलात फोन लावला. होकार की नकार, ते तिनं आधी सांगितलंच नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "भूल उतरल्यावर किती दुखतं?" पलीकडून आलेलं उत्तर हो किंवा नाही असं नव्हतं, चांगलं लांबलचक होतं. तिनं ते बाबांच्या वहीत लिहून घेतलं. मग आणखी सहा प्रश्न विचारले, त्यातल्या एकाला डॉक्टर म्हणाल्या, "हे आत्ता सांगता येणार नाही." ते उत्तरही आईनं लिहिलं. शेवटी म्हणाली, "येते मी. तारीख तीच ठेवा."

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. घरातलं माणूस गेलं की ते परत यावं असं वाटणं ही चूक नाही. ते वाटतं म्हणूनच कुणीतरी दारात येऊन उभा राहतो. त्याला आत घ्यायच्या आधी टेबलाखाली वाका, शेजाऱ्यांना विचारा, जे हलतंय तिकडे सगळे बघत असले तर जे हलत नाही त्याला एकदा हात लावून बघा. जाणकारानं मान डोलावली म्हणून थांबू नका. आणि जगण्यामरण्याचा प्रश्न असेल तर तो अशा माणसाला विचारा, ज्याचे दोन्ही हात तुम्हाला दिसतात.